कुणालाच नको असलेला अडसर

दाराला अडसर असतो हे तुम्हाला माहीत आहे. पण पिस्तुलालाही असतो, हे ठाऊक आहे का, मित्रांनो? नसेल तर ऐका, कारण मी पिस्तुलाचाच एक जुना अडसर आहे. आकार म्हणाल तर शर्टाच्या बटणाएवढा. रंग काळा. फक्त एका कडेला चमक आहे. ती चमक काही मी हौसेने आणलेली नाही. बत्तीस वर्षं नोकरी करताना घासून घासून ती आली आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या एका कारखान्यात झाला. एका लांबलचक पोलादी पट्टीतून आम्हा भावंडांना धडाधड कापून काढलं आणि तेलाने भिजलेल्या ताटात ओतलं. एका ताटात आम्ही दोनशे जण होतो. तपासनीस बाई एकेकाला उचलून मापात बसवून बघत होत्या. माझ्या आधीचे दोघे भंगाराच्या डब्यात गेले. मला त्यांनी उलटसुलट फिरवलं, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, “हा बरा आहे.” आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. मला वाटलं, आता अशा पुष्कळ मिळतील.

माझं काम काय ते सांगताना मला नेहमीच थोडा अभिमान वाटतो. पिस्तुलाच्या मुठीत खालून एक चपटी डबी सरकवतात. तिला मॅगझिन म्हणतात. गोळ्या तिच्यातच रचलेल्या असतात. माणूस ती डबी बाहेर काढतो आणि समजतो, झालं, पिस्तूल रिकामं झालं. पण तसं नसतं. एखादी गोळी आधीच वर जाऊन नळीच्या बुडाशी गुपचूप बसलेली असते. ती कुणाला दिसत नाही. तिच्यासाठी मी. डबी बाहेर गेली रे गेली की मी चापाच्या वाटेत आडवा पडायचो. मग ओढा किती ओढायचा तेवढा चाप. मी हलत नसे. वर्गाच्या दारात मॉनिटर उभा राहतो ना, तसा. आणि मॉनिटर वर्गात जितका लाडका असतो, तितकाच मीही होतो.

ज्या पिस्तुलात मला बसवलं ते वायोमिंगमधल्या कॉटर क्रीक नावाच्या गावी गेलं. ते घेतलं वेंडल क्रॅब्ट्रीने. वेंडल बोअर मारायचं काम करायचा. दिवसभर जमिनीत भोकं पाडायची आणि सुट्टीच्या दिवशी कागदात, असं तो स्वतःच म्हणायचा. उंच माणूस, बोलणं कमी, टोपी घरातही डोक्यावर. गावच्या नेमबाजीच्या क्लबात त्याला मान होता. त्याची मुलगी शॉना त्याच पिस्तुलावर शिकली. मोठी झाल्यावर ती दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून लागली, आणि शनिवारी क्लबात नवशिक्या बायकांचा वर्ग घेऊ लागली. त्या वर्गासाठी ती मुद्दाम बापाचं हेच पिस्तूल मागून न्यायची. का, सांगू? माझ्यासाठी.

पहिल्या दिवशी बायका घाबरलेल्या असत. शॉना पिस्तूल पूर्ण रिकामं करायची, सगळ्यांना आत बघायला लावायची, मॅगझिन बाजूला ठेवायची आणि चाप ओढून दाखवायची. काही होत नसे. मग ती म्हणायची की हा आत बसलेला अडसर आपल्या बाजूचा आहे, पण याच्यावर विसंबून राहायचं नाही, हा आपला शेवटचा गडी. मित्रांनो, शेवटचा का होईना, मला गडी म्हणणारी ती एकटीच होती.

बाकी क्लबात माझं नाव होतं किरकिऱ्या.

नाव उगीच पडलं नव्हतं. चाप ओढताना मी मॅगझिनच्या अंगावर घासायचो आणि बोटाला बारीक किरकिर जाणवायची, भाताच्या घासात खडा लागावा तशी. ज्याला वीस पावलांवरून बाटलीच्या बुचाएवढा नेम धरायचा आहे, त्याला ती सहन होत नाही. मला कळत होतं ते. पण मी करणार काय, माझी जागाच तिथे होती.

कॉटर क्रीकच्या क्लबाची एक रीत होती. जानेवारीच्या पहिल्या रविवारी, कितीही बर्फ पडलेलं असो, सकाळी नेमबाजी व्हायची आणि दुपारी सगळे दालनात एकत्र जेवायचे. बीन्स आणि खिम्याचा तिखट रस्सा, मक्याचा पाव, वर सफरचंदाचा पाय, म्हणजे सफरचंद भरून भाजलेली जाड गोड पोळी. जेवून झालं की कोऱ्या कागदी ताटल्या वाटल्या जायच्या. प्रत्येकाने ताटलीवर लिहायचं, नवीन पिस्तूल कसं असावं. मग त्या ताटल्या भिंतीवर टाचायच्या. क्लबाचा चिटणीस हार्लन टिबेट्स त्या वाचून काढायचा, टाइप करायचा आणि कारखान्याला पाठवायचा. कारखान्याने एकदाही उत्तर दिलं नव्हतं. तरी मंडळींचा उत्साह काही कमी होत नसे.

मी वेंडलच्या कमरेला, पिस्तुलाच्या पोटात बसून सगळं ऐकायचो. काय काय मागायचे लोक! मूठ अशी हवी की मागची पट्टी बदलून लहानमोठ्या हातात बसवता यावी. नेम धरायला लाल ठिपका कारखान्यातूनच बसवून यावा. प्लास्टिक नको, पोलाद द्या. पोलाद नको, कंबर मोडते, प्लास्टिकच द्या. पिस्तूल भरलेलं आहे की नाही हे बाहेरून बोट फिरवून कळावं. एक जण दरवर्षी एकच लिहायचा, रश्श्यात बीन्स वाढवा. हार्लन तेही इमानदारीने टाइप करायचा.

क्लबाच्या अध्यक्ष बर्निस ओल्डहॅम शहात्तर वर्षांच्या होत्या. संधिवाताने त्यांची बोटं आल्यासारखी वाकडी झाली होती. त्यांनी लिहिलं होतं, पिस्तुलाचा वरचा भाग मला या हातांनी मागे ओढता आला पाहिजे, नाहीतर तसं कळवा, मी गोफण घेते. शॉनाची ताटली सगळ्यांत मोठ्या अक्षरांत होती. बायकांसाठी पिस्तूल करताना त्याला गुलाबी रंग देऊ नका, आमचे हात लहान आहेत, अक्कल नाही. तिच्या ताटलीला टाळ्या पडल्या. वेंडलने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण टोपी सरळ केली. खूश झाला की तो टोपी सरळ करायचा.

आणि मग हार्लनने स्वतःची ताटली वाचली. किरकिऱ्या काढून टाका, बस, दुसरं काही मागणं नाही. अर्ध्या दालनाने टेबलं बडवली.

“हा अडसर पिस्तूल बनवणाऱ्याने नाही बसवला, वकिलाने बसवलाय,” हार्लन म्हणाला. मग वेंडलकडे वळून म्हणाला, “वेंडल, तुझ्या पाच गोळ्यांची भोकं पूर्वी एका नाण्याखाली झाकली जायची. आता ताटली लागते. वय झालं म्हणावं, की तो किरकिऱ्या?”

“मला आवडतो तो,” शॉना म्हणाली. “कुरकुर करतो, पण वेळेला उभा राहतो. इथल्या बऱ्याच जणांचं उलटं आहे.”

सगळे हसले. वेंडलही हसला. पण ती ताटलीची गोष्ट त्याच्या आत कुठेतरी रुतून बसली. मी त्याच्या बोटावरून ओळखलं. त्या दिवसापासून तो चाप ओढायचा तेव्हा माझ्यापाशी येऊन थांबायचा, जणू मला विचारायचा, तूच ना रे तो?

फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेल अंथरला, पिस्तूल उघडलं आणि मला बाहेर काढलं. मार्चमधल्या सामन्यापुरतंच, असं तो पुटपुटला. मग औषधाच्या रिकाम्या नारिंगी बाटलीत मला टाकून खिडकीत ठेवलं. शॉनाला सांगायचं नाही असं काही त्याने ठरवलं नव्हतं. फक्त सांगितलं नाही.

मला काय वाटलं असेल? अपमान. सरळ सांगून टाकतो. बत्तीस वर्षं जिथे पाठ घासली तिथून मला दोन मिनिटांत उचललं, आणि पिस्तूल परत जोडल्यावर वेंडलने रिकामा चाप ओढून पाहिला तेव्हा त्याच्या तोंडून इतकं सुखाचं “अहाहा” निघालं की मी बाटलीच्या तळाशी गप पडून राहिलो.

मार्चच्या सामन्यात तो पहिला आला. नऊ वर्षांनी. बक्षीस म्हणून धुरावलेल्या मांसाची अख्खी तंगडी मिळाली. घरी येऊन त्याने एक काप तळला, खिडकीशी उभं राहून खाल्ला आणि बाटलीकडे बघून म्हणाला, “नाणं, ताटली नाही.” मी ठरवूनच टाकलं. यांना मी नको ना, मग मलाही हे नकोत.

आता जे सांगणार आहे ते मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

सामना झाल्यावर पुढच्या गुरुवारी वेंडलने मला परत बसवायला घेतलं. शनिवारी शॉनाचा वर्ग होता. ती पिस्तूल न्यायला शनिवारी सकाळी येणार होती. त्याने चष्मा लावला, चिमटा घेतला, मला बाटलीतून उचललं. मी निसटलो. त्याने पुन्हा उचललं. मी पुन्हा निसटलो. तिसऱ्यांदा तर असा उडालो की थेट चुलीखाली गेलो. ओतीव लोखंडाची ती मोठी चूल. बिचारा एकाहत्तर वर्षांचा माणूस गुडघ्यांवर बसून झाडूच्या दांड्याने मला शोधत होता.

पोलादाचा तुकडा मुद्दाम काही करू शकतो का, असं तुम्ही विचाराल. मला माहीत नाही, मित्रांनो. मला एवढंच माहीत आहे की तिन्ही वेळा मला आत जायचं नव्हतं.

शेवटी त्याने मला झाडून बाहेर काढलं, फुंकर मारली आणि म्हणाला की उद्या दिवस आहेच. मला बाटलीत ठेवलं. पिस्तूल माझ्याशिवाय जोडलं, भरलं आणि ट्रकमध्ये न्यायचं म्हणून टेबलाच्या कडेला ठेवलं.

शुक्रवारी डॉक्टरांकडे रुग्ण कमी होते म्हणून शॉना लवकर सुटली आणि शनिवारची वाट न बघता दुपारीच आली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला तसा वेंडल गडबडला. तिच्या हातात भरलेलं पिस्तूल देऊ नये एवढं त्याला कळत होतं. त्याने घाईघाईने पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढला, एक गोळी उडून बाहेर पडली, आणि मग मॅगझिन काढलं.

क्रम चुकला. आधी मॅगझिन काढायचं असतं, मग वरचा भाग ओढायचा. उलट केलं की एक गोळी बाहेर पडते खरी, पण तिच्याच पाठोपाठ दुसरी खालून वर जाऊन तिच्या जागी बसते. पन्नास वर्षं हा माणूस बरोबर करत आला होता.

“रिकामं आहे,” त्याने शॉनाला सांगितलं आणि पिस्तूल तिच्या पुढे केलं.

देणाऱ्याने काहीही सांगो, घेणाऱ्याने स्वतः आत बघायचं, हा तिथला पहिला नियम. शॉना तो दर शनिवारी दहा बायकांकडून वदवून घ्यायची. पण समोर बाप होता. ती बसता बसता डॉक्टरांकडच्या कुठल्याशा आजीबाईंची गंमत सांगत होती, ज्यांनी कवळी कुत्र्याने पळवली म्हणून कुत्र्यालाच दवाखान्यात आणलं होतं. तिने आत बघितलं नाही. उद्या वर्गात दाखवायचं म्हणून माझी परीक्षा घ्यायला तिने नळी चुलीखालच्या फरशीकडे धरली. दुसरा नियम तिने पाळला, नळी कुणाकडे वळवली नाही. वेंडल कॉफी ओतत होता. तो वळला, त्याने तोंड उघडलं, “शॉना, त्याचा तो” एवढं म्हणाला, आणि तिने चाप ओढला.

मी खिडकीत होतो.

गोळी चुलीच्या पायावर आपटली. एक चिरफळी उडून शॉनाच्या डाव्या हातात घुसली. तो हात खुर्चीच्या पाठीवर होता. जीवावर काही बेतलं नाही, पण शेवटच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. डॉक्टरांनी शिवल्या. तरी ती बोटं पुन्हा कधी नीट वळली नाहीत.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलली, ते वेंडलने घरी येऊन रिकाम्या स्वयंपाकघरात तिच्याच आवाजात म्हणून दाखवलं. मॅगझिन बाहेर होतं. एवढंच. पुढे ती तेच म्हणत राहिली. पोलिसांना म्हणाली, बर्निसबाईंना म्हणाली, हार्लनला म्हणाली. आणि हार्लन, जो पिस्तुलांच्या बाबतीत क्लबाचा शब्दकोश होता, त्याने मान हलवली. ते पिस्तूल मॅगझिन बाहेर असताना उडूच शकत नाही, आत अडसर असतो. म्हणजे शॉना विसरली तरी, किंवा लाज झाकायला सांगते तरी.

पोलिसांनी वेंडलला विचारलं, मॅगझिन आत होतं की बाहेर. दवाखान्यातून परत आल्यावर त्याने टेबल पुसलं होतं आणि सवयीने मॅगझिन पिस्तुलात सरकवून ते कपाटात बंद केलं होतं. तो म्हणाला, नीट आठवत नाही. हार्लनने पिस्तूल तपासायची तयारी दाखवली. वेंडल म्हणाला, नको, मला ते बघवत नाही. लोकांना वाटलं, बापाचं काळीज. कुणी पुन्हा विषय काढला नाही.

शॉनाने मात्र काढला. हाताला पट्टी बांधलेली, ती टेबलाशी बसली होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो.

“बाबा, तो अडसर मोडला असेल का रे आतून? एकदा बघशील?”

तो बघतो म्हणाला. दहा दिवसांनी तिने पुन्हा विचारलं.

“बघितला,” वेंडल म्हणाला. “तो ठीक आहे.”

आणि मित्रांनो, तेही खोटं नव्हतं. मी ठीकच होतो. एक ओरखडासुद्धा नव्हता माझ्यावर.

शॉनाने हाताची पट्टी नीट केली. मग म्हणाली, “मग मीच विसरले असेन.”

त्या दिवसापासून वेंडलने बाटली खिडकीतून उचलून शर्टाच्या खिशात ठेवली. दहा महिने मी त्या खिशात होतो. तिकडून काय ऐकू येतं माहीत आहे? माणसाचं काळीज. आणि ते काळीज रोज सकाळी आज सांगू म्हणून जोरात चालायचं आणि दुपारपर्यंत मंद व्हायचं. मी मनातल्या मनात ओरडायचो की सांगून टाक. पण ओरडणारा मी कोण? त्या गुरुवारी निसटलो होतो तो मीच.

शॉनाने वर्ग सोडला. जी स्वतः आत बघत नाही तिने दुसऱ्यांना काय शिकवायचं, असं ती म्हणाली. लोकही म्हणाले, पण तिच्यामागे.

मग पुन्हा जानेवारी आला, पुन्हा बर्फ, पुन्हा रस्सा. शॉना जेवायला आली नव्हती. वर्गाच्या खोलीची किल्ली बर्निसबाईंना परत द्यायला आली होती, पण बर्निसबाईंनी तिला जबरदस्तीने बसवून हातात कॉफी दिली. ताटल्या वाटायच्या आधी हार्लन एक पाकीट हलवत उभा राहिला. कारखान्याचं उत्तर आलं होतं. पहिल्यांदाच! त्याने वाचून दाखवलं. आपल्या सूचनांबद्दल आभार. नव्या पिस्तुलात मुठीच्या पट्ट्या बदलता येतील, वरचा भाग कमी ताकदीने ओढता येईल, लाल ठिपक्यासाठी जागा असेल. आणि अनेकांच्या मागणीनुसार मॅगझिनचा अडसर काढून टाकला आहे.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. बर्निसबाईंनी तर वाकडी बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली. त्यांचा आनंद खराच होता, त्यांना पिस्तूल पुन्हा हातात धरता येणार होतं. मला त्यांचा रागही आला नाही. एवढ्या मागण्यांमध्ये चुकीची एकही नव्हती. मला काढायचीसुद्धा नसेल. जो नेहमी नीट आत बघतो त्याला माझी गरज खरंच पडत नाही.

टाळ्या थांबल्यावर हार्लनला राहवलं नाही. “चला, नव्या पिस्तुलात शॉनाची गोष्टसुद्धा खरी ठरेल.”

काही जण हसले. काहींनी रश्श्याच्या वाटीत पाहिलं. आणि सगळ्यांत वाईट काय, तर शॉनाही हसली. दुसरं काय करणार?

माझ्या कानाशी धडधडणारं ते काळीज एकदम थांबल्यासारखं झालं. मग बाटली खिशातून वर गेली, झाकण उघडलं, आणि मी दहा महिन्यांनी उजेडात आलो. वेंडलने मला टेबलावर ठेवलं, पावाचे कण पडले होते तिथेच.

“हार्लन, ते पत्र खाली ठेव,” तो म्हणाला. “हा माझ्या पिस्तुलातला. मागच्या फेब्रुवारीत मी काढला. त्या दिवशी आत नव्हता. मॅगझिन बाहेर होतं. ती पहिल्यापासून खरं बोलतेय.”

बर्निसबाईंनी विचारलं, “आणि रिकामं आहे म्हणून कोण म्हणालं?”

“मी.”

“मग गोळी कुठून आली?”

“आधी ओढलं. मग मॅगझिन काढलं.”

साठ माणसांच्या त्या दालनात कुणीही त्याला वेडा म्हटलं नाही. बऱ्याच माना खाली गेल्या. आपणही कधीतरी हेच केलं होतं आणि फक्त नशिबाने वाचलो, हे ज्याचं त्याला आठवलं असणार.

शॉनाने कॉफी खाली ठेवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मी चेयेनला डॉक्टरकडे गेले होते, बाबा. डोक्याच्या. मला गोष्टी आठवत नाहीत की काय ते तपासायला.” ती थांबली. “तू मला गाडीने घेऊन गेलास. बाहेर बसून राहिलास. येताना मला सफरचंदाचा पाय खाऊ घातलास.”

वेंडलने टोपी काढली. मी बत्तीस वर्षांत त्याला लोकांसमोर टोपी काढताना पाहिलं नव्हतं.

हार्लन पुढे येऊन म्हणाला की शॉना, माझंही चुकलं. तुमचं नंतर बघू, ती म्हणाली. मग तिने डाव्या हाताने मला उचलायला घेतलं. दोन बोटं वळत नव्हती, मी घसरलो. देवाशपथ, या वेळी मुद्दाम नाही. तिने उजव्या हाताने उचलून मला एका खिशात ठेवलं, दुसऱ्या खिशात किल्ली टाकली आणि ती बर्फात निघून गेली. किल्ली परत दिलीच नाही.

तीन आठवडे तिने बापाला फोन केला नाही. तो रोज फोनजवळ बसून असे, हे मला नंतर कळलं. मग एके दिवशी तिने एवढंच कळवलं की शनिवारी दहा वाजता वर्ग आहे, यायचं आणि जे घडलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

तो आला. नऊ बायका बसल्या होत्या. मी मधल्या टेबलावर पांढऱ्या रुमालावर होतो. वेंडलने टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं, क्रम चुकला तोही, “तो ठीक आहे” असं शॉनाला म्हणाला होता तेही. शॉनाने त्याला पाणी दिलं, पण मध्ये बोलून सोडवलं नाही.

एका बाईने विचारलं, मग हा अडसर चांगला की वाईट?

“चांगला आहे,” शॉना म्हणाली. “पण याला डोळे नाहीत. डोळे तुम्हाला आहेत.”

पिस्तुलात आता कारखान्यातून मागवलेला नवा अडसर बसला आहे. तोही किरकिर करतो म्हणे. मी रुमालावरच असतो. वेंडलने आपलं सांगून टाकलं. त्या गुरुवारी चिमट्यातून कोण निसटलं, हे मात्र तिथे कुणालाच माहीत नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं. मला माफ करा असं म्हणत नाही, ती बोटं काही माझी नव्हती. एकच विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरीही माझ्यासारखे पुष्कळ आहेत. गॅसच्या नळीचं बटण, मोटारीचा पट्टा, उंच गॅलरीची जाळी, सारखं असं करू नको म्हणणारी मोठी माणसं. त्यांची किरकिर होते, मान्य. त्यांना बाजूला सारावंसं वाटतं, तेही मान्य. पण सारलंत, तर घरात सांगा. त्याच दिवशी सांगा. दुसऱ्या दिवशी ते पहिल्यापेक्षा जड होतं, आणि दहाव्या महिन्यात काय होतं ते मी खिशातून ऐकलं आहे. आणि माझ्यासारखंच तुमच्यापैकी कुणी रुसून चिमट्यातून निसटू पाहत असेल, तर त्याने माझ्याकडे बघावं. ज्यांना आपण नको असतो त्यांच्यावर रुसायला हरकत नाही. पण आपल्या जागेवर बसून रुसावं.

वर्ग संपायच्या आधी शॉनाने पिस्तूल उघडलं आणि आत पाहिलं. तिथला नियम असा की डोळ्यांनी बघून झालं की नळीच्या बुडाशी करंगळी घालून चाचपायचं, कारण डोळे फसतात. उजव्या हातात पिस्तूल, आणि डाव्या हाताची करंगळी आता वळत नाही. तिने ते वेंडलपुढे धरलं.

“बाबा, तुझं बोट.”

वेंडलने करंगळी आत घातली.

“काय आहे?”

“काही नाही.”

“नक्की?”

त्याने पुन्हा चाचपलं. या वेळी जरा जास्तच वेळ. “नक्की. रिकामं आहे.”

शॉनाने मान हलवली, पिस्तूल तसंच उघडं ठेवून शेजारच्या बाईंपुढे धरलं आणि म्हणाली, “आता तुम्ही बघा.”